पोरगं रात्रभर बटणं फिरवतंय, ह्याचं पुढं काय?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. हे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर कापडातच नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाइनं बघतात, मुलगा बारावी सायन्सला आहे, लहानपणी पाच वर्षं पेटी शिकला, मग बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागला आणि गणपतीतल्या सुपाऱ्यांचे पैसे साठवून त्यानं एक जुना सिंथेसायझर आणला. आता त्याला डिग्री नको, पुण्याला जाऊन एक वर्षाचा साउंडचा कोर्स करायचाय, फी सहा लाख, म्हणजे कर्ज. वडील लिहितात, ‘गाणं वाजवत असता तर समजलं असतं, हे पोरगं रात्रभर एकच सूर दाबून बटणं फिरवत बसायलंय. पेटी सोडून ह्या डबड्यावर जन्म निघंल का? त्यातली एक पट्टी तर वाजत पण नाही.’

आधी बटणांचं बोलतो, कारण खरी गफलत तिथंच आहे. पेटीचा आवाज कारागिरानं आधीच ठरवून दिलेला असतो, आपण फक्त सूर वाजवायचे. सिंथमध्ये आवाजच आधी बनवावा लागतो. ऑसिलेटर एक कच्चा, करकरीत सूर देतो, फिल्टर त्यातलं नको ते कापतो, आणि एन्व्हलप ठरवतं की आवाज तबल्याच्या थापेसारखा पटकन येऊन जाणार की सनईसारखा टिकणार. एकच सूर दाबून ठेवल्याशिवाय हे ऐकूच येत नाही. तो वेळ घालवत नाहीये भाऊ, तो डिझाइन करतोय, आणि हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला लवकर कळणार?

तुम्ही लिहिलंय की आधी ग्राफवर चौकोन भरायचे, मग कार्डं पंच करायची, आता सगळं कॉम्प्युटरवर. कार्डात भोक असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. आता मुलाला स्टेप सीक्वेन्सर, म्हणजे घराघरांत ठोके भरून ठेका लावायची सोय, लावून दाखवायला सांगा. रोलँडच्या टीआर-८०८ नावाच्या १९८० सालच्या ड्रम मशीनवर सोळा बटणं ओळीत आहेत, ज्या घरात बटण पेटलं तिथं ठोका, विझलेलं असेल तिथं शांत. कार्डावरची भोकंच ती, फक्त धाग्याऐवजी ठोका उचलतात. तुमच्या कारखान्यात यंत्रं बदलत गेली आणि कार्डंही गेली, पण डिझाइन येणारा माणूस टिकला, तो माणूस तुम्हीच आहात.

पेटी संस्कारी आणि सिंथ म्हणजे थेरं, हे मात्र मनातून काढा. पेटीसुद्धा बाहेरनंच आली, आणि १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, आपल्या गाण्याला ती चालत नाही म्हणून, आणि ती बंदी तीस वर्षं राहिली. आज भजनाला पेटी नसेल तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. १९५४ च्या ‘नागिन’मधल्या ज्या बीनवर अजून वरातीत लोक जमिनीवर लोळतात ती बीन नव्हतीच, क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवरचं वाद्य होतं आणि ते कल्याणजींनी वाजवलं होतं. म्हणजे हे वाद्य तुमच्या घरात आत्ता आलं, पण त्याचा आवाज कधीच येऊन बसलाय.

‘जन्म निघंल का’ ह्या प्रश्नावर मला चरणजित सिंग आठवतात. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बेसचे सूर वाजवणारं यंत्र आणि वर सांगितलेलं ८०८ अशी तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. ३०३ मध्ये एक सूर दुसऱ्यात सरकवता येतो, आपल्या मींडीसारखा, जे पेटीत होतच नाही. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. ते लग्नाकार्यात, कार्यक्रमात वाजवत राहिले. २०१० मध्ये ती परत निघाली आणि सत्तरी ओलांडलेल्या ह्या माणसाला युरोपात वाजवायला बोलावणी आली. पण भाऊ, ह्याच्यावर भरवसा ठेवून करिअर ठरवू नका, मधल्या अठ्ठावीस वर्षांत घर त्यांच्या रोजच्या वाजवण्यावर चाललं असणार, त्या एका रेकॉर्डवर नाही. ती अठ्ठावीस वर्षं तुमच्या मुलानं नीट बघावीत.

म्हणून आपल्या गावातल्या माझ्या एका मित्राचं सांगतो, आज वय एकसष्ट. वडील मिलमध्ये होते, हा भजनी मंडळात पेटी शिकला. पहिला खेळण्यातला कॅसिओ गड्ड्याच्या जत्रेत घेतला, मग ऑर्केस्ट्रात शिरला, कर्ज काढून मोठा कीबोर्ड घेतला, हुतात्मा स्मृती मंदिरात एकाच रात्री बासरी, व्हायोलिन, ट्रम्पेट सगळं एकटा वाजवायचा. मग ऑर्केस्ट्रे कमी झाले, लोक ट्रॅकवर गायला लागले, तेव्हा ह्यानं चाळिशीत कॉम्प्युटर शिकून घेतला. आता शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक करतो, नाट्यस्पर्धेच्या नाटकांना पार्श्वसंगीत देतो, अख्ख्या जिल्ह्यातले बिघडलेले कीबोर्ड त्याच्याकडे येतात. श्रीमंत नाही झाला, पण दोन मुली शिकवल्या आणि चाळीस वर्षं दुसरं काम केलं नाही.

त्याच्याकडं एक वही आहे, ती तुमच्या मुलानं बघायलाच पाहिजे. झालं असं की त्याच्या कीबोर्डात आत एक नाण्याएवढी बॅटरी होती, जुन्या यंत्रांत आपण बनवलेले टोन तिच्यावरच टिकून असतात. ते त्याला माहीतच नव्हतं. एका सकाळी कीबोर्ड चालू केला तर चार वर्षांत बनवलेले सगळे टोन गायब, नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी अक्षरं. दोन दिवस जेवला नाही तो. पण कानात आवाज शिल्लक होते, त्यामुळं एकेक करून परत बनवले आणि तेव्हापासून प्रत्येक टोनचे आकडे वहीत पेननं लिहितो, फिल्टर किती, अटॅक (आवाज किती पटकन चढतो ते) किती, शेजारी शेरा, ‘लावणीला चालेल’, ‘पावसाच्या सीनला’. मुलाला सांगा आजच अशी वही घाल, आणि बॅटरी कधी बदललीय ते बघून घे.

आता शिक्षण. सहा लाखांचं कर्ज आत्ता काढू नका, माझं स्पष्ट मत आहे. एक वर्षात सॉफ्टवेअर शिकवतात, आणि ते तो घरीसुद्धा शिकेल, व्हायटल आणि सर्ज हे सिंथ लॅपटॉपवर फुकट मिळतात. बारावीचं फिजिक्स मात्र सोडू नको म्हणावं. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३ चा सिंथ ज्यावर जगभरची गाणी वाजली, तो जॉन चौनिंग ह्यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालतो, म्हणजे एका लहरीनं दुसरीची फ्रीक्वेन्सी हलवायची. हे सगळं त्याच्या वेव्हजच्या धड्याच्या पुढचंच पान आहे. सीईटी देऊन वालचंदला किंवा जवळच्या दुसऱ्या कॉलेजात ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचं इंजिनिअरिंग, मिळालं तर उत्तम, सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजासारख्या लहरींवर गणितानं काम करणं, तिथं येतं. नाही मिळालं तर बीएस्सी फिजिक्स. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय ह्या सिनेमाच्या सरकारी संस्थेत साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला बारावीला फिजिक्स लागतं, पण अर्ज करताना त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि पेटीचा क्लास परत सुरू करा, आठवड्यातनं एकदा का होईना. यंत्रं दर दहा वर्षांनी बदलतील, स्वरज्ञान बदलायचं नाही.

सिंथ विकू नका. परीक्षेपर्यंत रात्री अकराला बंद, एवढं ठरवून घ्या, आणि ते ओरडून नाही, बसून ठरवा. यंत्र जुनं आहे म्हणून वाया गेलं असंही नाही, १९८३ ला मिडी नावाची पद्धत आली, तिच्यावर चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी बोलतो.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते, ती म्हणजे कान. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं सहा-सहा तास पोरं वाजवतात आणि घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते ते हसण्यावारी नेतात. मागावर शिफ्ट काढलेली माणसं साठीला किती मोठ्यानं बोलतात हे तुम्ही रोज बघता. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही आणि ह्याचं सगळं भांडवल कानच आहे. मेडिकलमधनं इअरप्लग घ्या, पुढच्या सुपारीआधी.

ती न वाजणारी पट्टी राहिली. फसवणूक झाली असं लगेच समजू नका. पट्टीच्या खाली रबराची लांब फीत असते, तिच्या आतल्या काळ्या कार्बनच्या टिकलीवर धूळ बसली की सूर येत नाही, बहुतेक वेळा तेवढंच असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून हलकं पुसायचं, वाळू द्यायचं आणि परत बसवायचं. परीक्षा झाली की एका रविवारी दोघं या, मित्राच्या घरी जाऊ. तो उघडून दाखवेल, पुसायला मुलालाच लावू. आणि तुम्ही येताना एखादं जुनं पंच केलेलं कार्ड घरात असेल तर घेऊन या, त्यातल्या भोकांवरून सोळा घरांचा ठेका लावून बघायचाय मला.