गडगडाटी वादळातल्या बर्फाळ ढगाचे नमुने घ्यायला संशोधन-विमान थेट वादळात शिरतं का?

सहसा नाही, वादळाच्या माथ्यावरून ऐरणीसारखा बाजूला पसरत जाणारा जो बर्फाळ ढग असतो, त्यातून ते उडतं. मधल्या गाभ्यात वर चढणारे जोरदार प्रवाह, गारा आणि विजा असतात, म्हणून तो टाळतात. जुलै २००२ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टहून नासाच्या 'क्रिस्टल-फेस' मोहिमेत हेच केलं. डब्ल्यूबी-५७ विमान ऐरणीच्या आत शिरायचं, तर ईआर-२ सुमारे २० किलोमीटर उंचीवरून रडार आणि लायडारने (लेसरच्या झोताने दुरून मोजणाऱ्या उपकरणाने) खालचा ढग तपासायचं.

स्फटिक बाटलीत भरून आणत नाहीत, उडतानाच मोजतात. उपकरणातला लेसरचा झोत ओलांडताना प्रत्येक स्फटिकाची सावली किंवा त्याने विखुरलेला प्रकाश नोंदला जातो. त्यावरून आकार आणि संख्या कळते. दुसऱ्या एका नळीत बर्फाची वाफ करून ती मोजतात. मागे उरतो तो कण, ज्याभोवती स्फटिक तयार झाला. अशा कणांत सहाराहून अटलांटिक ओलांडून आलेली धूळ सापडली, हा मला त्या मोहिमेतला सर्वांत विलक्षण शोध वाटतो.

मात्र जुन्या मोजमापांतले बारीक स्फटिकांचे आकडे जपून वापरा. मोठे स्फटिक उपकरणाच्या टोकावर आपटून फुटायचे आणि एकाचे अनेक मोजले जायचे. पुढे टोकांची घडण बदलली, पाठोपाठ लगोलग येणारे तुकडे गणनेतून वगळू लागले, तरी ही चूक पूर्णपणे जात नाही.