शेतकऱ्यांची पिळवणूक दाखवणारा एखादा चांगला कन्नड चित्रपट सुचवाल का?

एकच पाहायचा असेल तर ‘चोमन दुडी’ (1975) पाहा. शिवराम कारंतांच्या कादंबरीवरचा, ब. व. कारंत दिग्दर्शित. चोमा हा दक्षिण कर्नाटकच्या किनारी भागातला दलित वेठबिगार. रानात भरकटलेली बैलजोडी त्याने पाळली आहे, नांगर धरायची हौस आहे, पण त्याच्या जातीने जमीन कसायची नाही हा गावचा रिवाज. वर मालकाचं जुनं कर्ज, ते फेडताना पोरांचे हाल. राग आला, दुःख झालं की तो दुडी, म्हणजे आपला छोटा ढोल, बडवत बसतो. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ यालाच मिळालं आणि चोमा साकारणाऱ्या वासुदेव राव यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार. गती संथ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जरा मसालेदार हवा असेल तर दिग्दर्शक सिद्धलिंगय्यांचा ‘भूतय्यन मग अय्यू’ (1974). गावाला नाडणारा सावकार आणि त्याचा वारस, असा मामला. कन्नड अभिनेते राजकुमार यांचा ‘बंगारद मनुष्य’ लोक याच यादीत घालतात, पण त्यातला शेतकरी पिचलेला नाही, उलट उमेदीचा आहे.

अलीकडचा म्हणाल तर अभिनेता दर्शनचा ‘काटेरा’ (2023). जमीनदारी आणि 1970च्या दशकातल्या कूळकायद्याची पार्श्वभूमी त्याला आहे. विषय भारी, पण हाणामारी इतकी की कुळांचा प्रश्न अधूनमधून हरवतो.