सूर्य तोच, मग हवा वेगळी का?

मागच्या अंकात जगाच्या सरासरी तापमानाचा नकाशा समताप रेषांसह, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांसह, छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांमधले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुंबई १९ अंश उत्तरेला, नागपूर २१. नकाशात दोन्ही शहरं जवळपास एकाच रेषेवर दिसतात. मग मे महिन्यात नागपुरात अंगाची लाही होते आणि मुंबईत नुसत्या घामाच्या धारा, असं का? (वाचक, नागपूर)

नकाशा चुकलेला नाही. दोन्ही शहरांची वार्षिक सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या आसपासच आहे. पण नागपूरचं मे महिन्यातलं कमाल तापमान सरासरीने ४२-४३ अंश आणि जानेवारीतलं किमान १२-१३. कुलाब्याला हेच आकडे सुमारे ३३ आणि १९. एका शहराची झेप तीस अंशांची, दुसऱ्याची चौदाची, आणि मधला आकडा तोच. म्हणून नुसती सरासरी वाचून कुठल्याही गावाची हवा कळत नाही. तिच्याशेजारी कमाल आणि किमान हवंच.

फरक पडतो तो समुद्रामुळे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच कोरड्या मातीला ०.८. शाळेत इथवर सांगतात, पण याहून मोठी गोष्ट खोलीची आहे. मे महिन्यात दुपारी दोनला काळ्या रानात पाय ठेवला तर चटका बसतो. तिथेच दोन वीत खणून हात घाला, माती गार लागते. दिवसाची उष्णता कोरड्या मातीत अर्ध्या मीटरच्या खाली जवळजवळ पोचतच नाही. सगळं ऊन वरच्या पातळ थराच्या वाट्याला येतं, तो थर तापतो आणि त्याला लागून असलेली हवाही तापते. समुद्रात ऊन कित्येक मीटर आत शिरतं, लाटा ती ऊब आणखी खाली घुसळतात. उरलेल्यातला मोठा वाटा बाष्पीभवनात जातो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत १५ लिटरची बादली ३८ अंशांनी तापली असती.

दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे हीच गार हवा मुंबईत आणतात. ते वेळेवर आले नाहीत की मुंबईही तापते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे जमिनीवरचे वारे जोरात असले तर खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि पारा चढत जातो. मार्च १९८२ मध्ये सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले ते मेमध्ये नव्हे, मार्चमध्ये, हे लक्षात घ्या.

समुद्रापासून जितकं आत जाल तितकी ही झेप वाढते. सायबेरियातल्या वर्खोयान्स्कला फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश नोंदले गेले आणि २० जून २०२० रोजी अधिक ३८. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक!

प्रश्न : पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते म्हणतात. मग आपल्याकडे तेव्हाच थंडी कशी? (विद्यार्थी, पुणे)

अंतराचा परिणाम होतो, पण थोडा. जानेवारीच्या सुरुवातीला अंतर सुमारे १४.७१ कोटी किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. पण पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. सपाट जमिनीवर पडणारं दुपारचं ऊन त्यामुळे जूनच्या मानाने एक चतुर्थांशाने कमी, आणि दिवसही ११ तासांचाच. सात टक्क्यांची कमाई इथे कुठे पुरणार?

याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संपूर्ण पृथ्वीची सरासरी घेतली तर ती जुलैमध्ये, म्हणजे सूर्य लांब असताना, जानेवारीपेक्षा साडेतीन ते चार अंशांनी जास्त भरते. कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे, आणि जमीन पटकन तापते.

प्रश्न : नकाशात लेहवरून जाणारी समताप रेषा इतकी उबदार कशी? मुलं विचारतात, उत्तर देता येत नाही. (शिक्षिका, सातारा)

कारण तो नकाशा समुद्रसपाटीवर आणलेला आहे, आणि ही गोष्ट नकाशाखाली ठळक छापायला हवी होती. डोंगर-दऱ्यांचं खरं तापमान तसंच दाखवलं तर रेषांचा गुंता होतो आणि अक्षांश, समुद्र, प्रवाह यांचा परिणाम त्यात हरवतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या तापमानात दर १,००० मीटर उंचीला ६.५ अंश मिळवतात. लेह ३,५०० मीटरवर, म्हणजे नकाशात जवळजवळ २३ अंश वाढवलेले आहेत. मुलांकडून ते वजा करून घ्या, खरा आकडा हाती येईल. अशा रेषा १८१७ मध्ये पहिल्यांदा काढल्या त्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने.

उंचीवर गारवा का, हेही मुलं विचारतीलच, कारण डोंगर तर सूर्याच्या जवळ! १५ कोटी किलोमीटरच्या हिशेबात डोंगराचे दोन-चार किलोमीटर म्हणजे काहीच नाही. हवा उन्हाने थेट फारशी तापत नाही, ती खालून, जमिनीकडून तापते. शिवाय वर जाणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते.

फक्त ६.५ हा आकडा डोळे मिटून वापरू नका. तो मोकळ्या हवेतला सरासरी दर आहे. इक्वाडोरमधलं किटो शहर २,८५० मीटरवर आहे. हिशेबाने ते समुद्रकाठच्या ग्वायाकीलपेक्षा साडेअठरा अंशांनी थंड असायला हवं, प्रत्यक्षात फरक अकरा-बारा अंशांचाच आहे. किटो उंच पठारी खोऱ्यात वसलंय. तिथली जमीन स्वतः उन्हात तापते आणि वरच्या हवेला ऊब देते. सुटा सुळका आणि रुंद पठार एकाच उंचीवर असले तरी त्यांना एक दर लागू पडत नाही.

प्रश्न : महाबळेश्वर आमच्यापेक्षा दुपटीहून उंच. तरी डिसेंबर-जानेवारीत राज्यातला नीचांक वारंवार निफाडचाच असतो. आणि द्राक्षबागेत शेकोटीचा उपयोग होतो का? (शेतकरी, निफाड तालुका)

उंचीचा नियम दिवसा आणि वाऱ्यात चालतो. निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री तो उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. ढग किंवा बाष्प असतं तर त्यातली बरीचशी खाली परतली असती, तेवढं पांघरूण डिसेंबरात नसतं. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी सखल भागाकडे सरकते. गोदावरी-कादवेच्या काठची सपाट, सखल शेतं म्हणजे तिला साठायला आयती जागा. याला तापमानाची विपरीतता म्हणतात : खाली गार, वर उबदार. महाबळेश्वरातही दवबिंदू गोठतात ते वेण्णा तलावाच्या खोलगट परिसरात. बाजारपेठेत त्या पहाटे पारा बराच वर असतो.

आता बागेचं. सर्वांत भरवशाचा उपाय पाण्याचा. खोल विहिरीचं पाणी वर्षभर त्या गावच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ राहतं, तुमच्याकडे २४-२५ अंश. पारा ५ अंशांवर असताना हे पाणी म्हणजे चांगलीच ऊब. पाणी आदल्या दिवशी दुपारआधी दिलंत तर ओली माती दिवसाचं ऊन जास्त खोलवर साठवते आणि रात्री ते परत करते. पहाटे पुन्हा थोडं द्या. ओळींमधलं गवत काढून टाका आणि जमीन नुकतीच नांगरलेली, भुसभुशीत ठेवू नका. सुट्या मातीत हवा असते, ती उष्णता आत जाऊ देत नाही आणि बाहेर येऊ देत नाही.

शेकोटीचा उपयोग होतो, पण धुराचा नाही. धुराचे कण जमिनीची उष्णता अडवू शकत नाहीत, त्यामुळे ओला पाला जाळून धूर करण्यात अर्थ नाही. लहान लहान शेकोट्या बागभर पसरून लावा. एकच मोठा जाळ केलात तर गरम झोत वरच्या उबदार थराला भेदून निघून जातो, आणि त्याच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते.

प्रश्न : पणजी १५ अंश उत्तरेला, पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताच्या जास्तच जवळ. तिथे नोकरीला गेलेला भाऊ जुलैत स्वेटर घालून फिरतोय. हे कसं? (वाचक, पणजी)

लिमाची वार्षिक सरासरी सुमारे १९ अंश, पणजीची २७. खंडाच्या दुसऱ्या बाजूला, ब्राझीलचं साल्वाडोर १३ अंश दक्षिणेला आहे आणि तिथे २५-२६. म्हणजे अक्षांशाने ही तफावत समजावता येत नाही. समुद्राच्या प्रवाहाने येते. लिमाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्यात आग्नेयेकडचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, आणि ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. थंड पाण्यावरची हवा गार आणि जड राहते, वर उठत नाही. तिच्यात खालच्या खाली पातळ ढग धरतात आणि जून ते ऑक्टोबर सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही. पाऊस मात्र वर्षभरात काही मिलिमीटरच. भावाला स्वेटर लागतो तो या ढगांमुळेही. ब्राझीलच्या बाजूचा प्रवाह विषुववृत्ताकडून गरम पाणी आणतो, तिथे हा प्रकार नाही.

गरम प्रवाहाची ताकद पाहायची तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो बघा. ६९ अंशांच्याही उत्तरेला, तरी जानेवारीची सरासरी उणे ३-४. वर्खोयान्स्क त्याहून थोडं दक्षिणेला, आणि तिथे उणे ४५ च्या आसपास. पण सगळं श्रेय पाण्याला देऊ नका. त्या पाण्यावरून पश्चिमेचे वारे जमिनीकडे वाहतात म्हणून ऊब नॉर्वेला पोचते.

प्रश्न : आमच्या गॅलरीतला तापमापक ४६ दाखवतो, हवामान खातं ४१ म्हणतं. खरं कोण? (वाचक, जळगाव)

खातं. तुमचा तापमापक हवेबरोबर भिंतीचं आणि लादीचंही तापमान मोजतोय. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे वाचताना ऊन आत येत नाही. खाली शक्यतो गवत किंवा मोकळी जमीन असते, काँक्रीट नाही.

घरी नोंदी ठेवायच्या असतील तर कमाल-किमान तापमापक घ्या आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी, भिंतीपासून दूर टांगा. पत्र्याखाली नको, एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ तर नकोच. किमान सकाळी साडेआठला वाचा, कमाल संध्याकाळी साडेपाचला. दोन्हींची बेरीज भागिले दोन म्हणजे त्या दिवसाची सरासरी. खरी चोवीस तासांची सरासरी यापेक्षा थोडी वेगळी भरते, पण तुलना करायची तर सगळ्यांनी एकच रीत पाळलेली बरी.

एक चूक नेहमी होते. तापमापकातली सरकती खूण पारा सर्वांत वर कुठे गेला ते धरून ठेवते. दुपारी तीनला कमाल वाचून ही खूण लगेच परत पाऱ्यावर बसवली, तर त्या क्षणाचं तापमान, समजा ४१, पुढच्या दिवसाच्या खात्यात सुरुवातीलाच जमा होतं. दुसऱ्या दिवशी ढग येऊन पारा ३७ वरच थांबला तरी तापमापक ४१ च दाखवतो. महिन्याची सरासरी अशाने फुगते. म्हणून कमाल तापमानाची खूण उन्हाच्या वेळी बसवू नका. संध्याकाळी वाचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, किमान वाचून झाल्यावर, खूण खाली आणा.