जनुकाचे काम संगणक सांगतो, मग प्रयोग कशाला?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीवाणूच्या जनुकाची अक्षरमाला संगणकात घातली, की तिच्याशी मिळतीजुळती जनुके आणि त्यांचे काम लगेच पडद्यावर दिसते. असे असताना त्याच कामासाठी पुन्हा महिनोन्महिने प्रयोग का करायचे? – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : पडद्यावर दिसतो तो त्या जनुकाच्या कामाविषयीचा अंदाज असतो. संगणक तुमच्या जनुकाची अक्षरमाला परिचित जनुकांशी ताडून पाहतो आणि जवळच्या नातलगाचे काम त्याच्या नावावर लिहितो. पण पुष्कळदा त्या नातलगाचे कामही असेच कुणाशी तरी ताडून लिहिलेले असते, त्यामुळे मुळात झालेली चूक नोंदीमागून नोंदीत उतरत जाते. शिवाय एकाच घराण्यातील एन्झाइमे (जनुकांवरून बनणारी, रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) एकाच धाटणीची रासायनिक क्रिया निरनिराळ्या रेणूंवर करतात.

थर्मोटोगा मॅरिटिमा या ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वाढणाऱ्या जीवाणूचे ‘टीएम०९३६’ हे जनुक पाहा. त्याचे एन्झाइम सायटोसीनवर (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक रेणू) काम करत असावे, असे साम्यावरून नोंदले गेले होते. प्रत्यक्ष चाचणीत मात्र त्याने सायटोसीनला दाद दिली नाही. तेव्हा अमेरिकेतील संशोधकांनी एन्झाइमच्या त्रिमितीय रचनेतील, जिथे क्रिया घडते त्या खाचेत हजारो रेणू संगणकावरच एकेक करून बसवून पाहिले. तेही मूळ रूपात नव्हे, तर क्रिया चालू असताना त्यांना क्षणभर जे रूप येते त्या रूपात, आणि मला यातील खरी हुशारी इथेच वाटते. चपखल बसणाऱ्या रेणूंच्या यादीच्या वरच्या टोकाला अॅडेनीनचे (डीएनएचेच दुसरे एक ‘अक्षर’) भाईबंद आले. त्यांपैकी चार प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा तिघांवर एन्झाइम जोमाने चालले. त्यांतील एस-अॅडेनोसिलहोमोसिस्टीनपासून तयार झालेला पदार्थ एन्झाइमला चिकटलेला असतानाच त्याचे स्फटिक क्ष-किरणांखाली तपासले, तर रेणू संगणकाने दाखवला होता जवळजवळ तसाच बसलेला आढळला. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक नसता तर हजारो रसायने आणून तपासणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडले नसते, आणि ती चाचणी नसती तर सायटोसीनची चुकीची नोंद तशीच राहिली असती.

ज्यांच्याविषयी धड अंदाजही बांधता येत नाही, अशी जनुके थोडी नाहीत. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ मध्ये केवळ ४७३ जनुकांवर जगणारा जीवाणू घडवला, तेव्हा त्यांतील १४९ जनुके नेमके काय करतात हे सांगता येत नव्हते. अशा वेळी एकेक जनुक काढून टाकून जीवाणूचे काय अडते ते पाहावे लागते. जपानमधील केइओ विद्यापीठाच्या पुढाकाराने ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूचे असे, एकेक जनुक काढलेले ३,९८५ वाण तयार झाले असून ते जगभर वापरले जातात.

यापुढे एखादी नोंद वाचताना तिच्या शेजारचा पुराव्याचा संकेत अवश्य पाहा. जीन ऑन्टॉलॉजी या जनुकांची कामे नोंदण्याच्या सर्वमान्य पद्धतीत ‘आयडीए’ म्हणजे थेट चाचणीचा पुरावा, तर ‘आयईए’ म्हणजे संगणकाने आपोआप केलेली नोंद, जी कुणी स्वतंत्रपणे तपासलेली नसते.