बँकेचा एक शेअर घेऊन सभेत बोलल्याने घरावरची जप्ती थांबते का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत घरं जप्त होत असलेल्या लोकांनी बँकांचे शेअर विकत घेतले आणि वार्षिक सभेत जाऊन जाब विचारला, असं वाचलं. एका शेअरने असं काय होणार? आणि आपल्याकडे हे करता येतं का?

मी गेली अठरा वर्षं कंपनी सेक्रेटरीचं काम करतो. सभेची नोटीस काढणं, हजेरी, मतदानाची व्यवस्था आणि सगळं उरकल्यावर इतिवृत्त लिहिणं, हे माझं काम. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी व्यासपीठाच्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

मताच्या हिशेबाने एका शेअरला काही किंमत नाही. प्रवर्तक, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या यांची मतं सभेच्या आधीच ई-मतदानात पडून गेलेली असतात. पण हे लोक शेअर घेतात ते आत शिरण्यासाठी. शाखेत "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून ज्याला चार वेळा परत यावं लागलं, त्याच्यासमोर वर्षातून एक दिवस अख्खं संचालक मंडळ ओळीने बसलेलं असतं, आणि भागधारक म्हणून तो प्रश्न विचारू शकतो.

ही युक्ती जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या 'फाइट' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं कोडॅक कंपनीशी नोकऱ्यांवरून भांडण चाललं होतं. कंपनीच्या वतीने सहाशे लोकांना कामावर घेण्याचा करार झाला आणि मग कंपनीनेच तो नाकारला. संघटनेबरोबर काम करणारे सॉल अलिन्स्की यांनी अनेक चर्चना विनंती केली, की तुमच्याकडच्या कोडॅकच्या शेअर्सच्या प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने सभेला जाऊन मत देण्याचा अधिकार, आम्हाला द्या. कोडॅकची सभा भरायची न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टन या लहानशा गावात, रॉचेस्टरपासून शेकडो किलोमीटर दूर. लोक बसगाड्या करून तिथे पोचले. मतदानात ते जिंकले नाहीत, पण दोन-तीन महिन्यांत तडजोड झाली.

आता घरांकडे येतो. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जप्तीची लाट आली. एकट्या २०१० मध्ये २८ लाखांहून जास्त मालमत्तांवर जप्तीची कागदपत्रं दाखल झाली. त्याच वर्षी हेही बाहेर आलं, की जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर बँकांची माणसं न वाचताच सह्या करत होती. एका कर्मचाऱ्याने महिन्याला सुमारे दहा हजार कागदांवर सह्या केल्याचं जबाबात कबूल केलं. महिन्याला दहा हजार म्हणजे दिवसाला चारशे-पाचशे. मी सह्यांच्या धंद्यातला माणूस आहे. एवढ्या सह्या करताना कागदावरचं नावसुद्धा वाचून होत नाही.

लोकांचा खरा संताप मात्र आणखी एका गोष्टीवर होता. घरवाला हप्ता कमी करून मिळावा म्हणून अर्ज करायचा. बँकेचा एक विभाग म्हणायचा, अर्ज विचाराधीन आहे, आणखी दोन कागद पाठवा. आणि त्याच वेळी दुसरा विभाग त्याच घराची जप्ती पुढे रेटत असायचा. तिकडे याला 'ड्युअल ट्रॅकिंग' म्हणतात. माणूस उत्तराची वाट बघत बसलेला आणि घर विकून मोकळं.

यावर दोन बाजूंनी सभा गाठल्या गेल्या. एक बाजू मोठ्या भागधारकांची. न्यू यॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांचे पेन्शन फंड या बँकांचे भागधारक होते. त्यांच्या वतीने शहराचे कंट्रोलर, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी, जॉन लिउ यांनी २०११ च्या सभांसाठी बँक ऑफ अमेरिका, सिटीग्रुप, जेपी मॉर्गन आणि वेल्स फार्गो या चार बँकांपुढे ठराव मांडले, की जप्तीच्या आणि कर्जात बदल करण्याच्या पद्धतींची स्वतंत्र तपासणी करा. ठरावांना बहुमत मिळालं नाही. पण ठराव सभेच्या कागदपत्रांत छापला जातो, संचालक मंडळाला त्याला लेखी विरोध करावा लागतो आणि तो प्रत्येक भागधारकाच्या हातात पडतो. त्या काळी तिथे दोन हजार डॉलरचे शेअर वर्षभर बाळगलेला कोणीही असा ठराव मांडू शकायचा.

दुसरी बाजू रस्त्यावरच्या लोकांची. २४ एप्रिल २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्ट्रीटवर वेल्स फार्गोची सभा होती. बाहेर शेकडो लोक जमले. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे शेअर होते, तरी जागा भरली म्हणून अनेकांना आत सोडलं नाही. जे आत गेले त्यांनी मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांच्या भाषणातच घोषणा दिल्या. दोन डझनांच्या आसपास लोकांना अटक झाली. पंधरा दिवसांनी शार्लटमध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या सभेच्या वेळी शहराने 'असाधारण प्रसंग' जाहीर करून पोलिसांना पिशव्या तपासण्याचा अधिकार दिला. पुढच्या वर्षी वेल्स फार्गोने सभाच सॅन फ्रान्सिस्कोतून उचलून सॉल्ट लेक सिटीला नेली. सभेची जागा ठरवण्याचं काम मी स्वतः करतो. काहीच झोंबलं नसेल, तर एवढ्या मोठ्या बँकेची सभा दुसऱ्या राज्यात नेण्याची दगदग कोणी करत नाही.

जप्त्या यानेच थांबल्या असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१२ मध्येच ४९ राज्यं आणि केंद्र सरकारने पाच मोठ्या बँकांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली होती, तीही सह्यांच्या त्या प्रकरणावरून. कॅलिफोर्नियात ड्युअल ट्रॅकिंगवर बंदी आली ती त्या राज्याच्या कायद्याने. त्यावर जुलै २०१२ मध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून तो लागू झाला. काम कायद्याने केलं. पण हे सगळं आकड्यांचं नाही, माणसांच्या घरांचं प्रकरण आहे, हे त्या वर्षी सभागृहाच्या आत आणि बाहेर उभ्या राहिलेल्या लोकांनी दाखवलं, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही.

आपल्याकडे काय करता येतं? ठरावाचा मार्ग जवळपास बंद आहे. कंपनी कायद्याप्रमाणे भागधारकांचा ठराव कंपनीला सगळ्यांकडे पाठवायला लावायचा तर साधारण दहा टक्के मताधिकार लागतो. प्रॉक्सीचाही उपयोग नाही, कारण आपल्याकडे प्रॉक्सीला, म्हणजे आपल्या जागी पाठवलेल्या माणसाला, सभेत बोलता येत नाही. म्हणून शेअर स्वतःच्याच नावावर हवा, आणि सभेच्या महिनाभर आधी घेतलेला बरा. २०२० पासून बहुतेक मोठ्या सभा ऑनलाइन होतात. तिथे बोलायचं तर आधी 'स्पीकर' म्हणून नाव नोंदवावं लागतं. मुदत नोटिशीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात असते, ती चुकवू नका. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. प्रश्न ईमेलनेही पाठवून ठेवा, म्हणजे तो तुमच्याकडे लेखी राहतो.

कर्ज सहकारी बँकेचं असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे कर्ज घेताना शेअर बहुधा घ्यावेच लागतात, म्हणजे तुम्ही आधीच सभासद असता. (तुम्हाला फक्त नाममात्र सभासद केलेलं नाही ना, हे तेवढं तपासा. त्यांना मत नसतं.) आणि सहकारात एका सभासदाला एकच मत, मग शेअर दहा असोत की दहा हजार. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या मुद्द्यापर्यंत थांबायची तयारी ठेवा. तोवर निम्मी सभा चहाला गेलेली असते.

एक कळकळीने सांगतो. सभेच्या नादात कायद्याच्या तारखा घालवू नका. सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस आली की लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. सभा वर्षातून एकदाच येते, या तारखा थांबत नाहीत.

आता, मी हे इतकं का लिहितोय ते.

काही वर्षांपूर्वी गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीची सभा माझ्याकडे होती. नाव सांगत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, मुंबईतलं सभागृह, लाभांशाबद्दल आभार मानणारे नेहमीचे भागधारक. मग एक काकू उठल्या. पाच शेअर. त्या मराठीत बोलल्या. यजमानांच्या आजारपणात सहा हप्ते थकले होते, हप्ते नव्याने बांधून द्या असा अर्ज केला होता, शाखेत सांगत होते फाइल वर पाठवली आहे, आणि एका सकाळी दारावर ताबा नोटीस. ती नोटीस त्यांनी दारावरून सोलून आणली होती. उंच धरली तेव्हा मागच्या बाजूला खळीबरोबर निघालेला दाराचा निळा रंग दिसत होता. अध्यक्ष म्हणाले, सभेनंतर आमच्या अधिकाऱ्यांना भेटा. अधिकारी खरंच भेटले, लिलाव तीन महिने पुढे गेला, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी घर स्वतःच गिऱ्हाईक शोधून विकलं. घर गेलंच, पण कर्ज फिटून हातात काहीतरी राहिलं.

हे मला पुढच्या वर्षी कळलं, कारण त्या पुन्हा आल्या. सभेच्या आधी कचेरीत येऊन म्हणाल्या, "मागच्या वर्षीचं माझं बोलणं लिहिलंय का कुठे? मला वाचायचंय." सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त कोणताही भागधारक विनामूल्य पाहू शकतो. मी वही काढून दिली. त्यात मीच लिहिलेली ओळ होती: 'एका भागधारकाने वसुली प्रक्रियेविषयी प्रश्न विचारला, अध्यक्षांनी समर्पक उत्तर दिले.' त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही मीच ना?"

मी हो म्हणालो. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या वर्षी त्या परत बोलल्या, या वेळी इतरांच्या घरांबद्दल. मी मसुद्यात चार ओळी लिहिल्या. अध्यक्षांनी एक काढली, तीन ठेवल्या. पहिली अशी आहे: 'हप्त्यांच्या पुनर्रचनेचा अर्ज प्रलंबित असताना घरावर ताबा नोटीस का लावली जाते, असे भागधारक महिलेने विचारले.'