पाच जणांच्या टीममध्ये मेन ब्रँच सारखी तुटते. तपासणीचे किती टप्पे लावावेत?

तुम्ही लिहिलंय की पाचही जण आपले बदल थेट मेनवर, म्हणजे कोडच्या सामाईक मुख्य ब्रँचवर, पुश करतात (चढवतात), आठवड्यातून एकदोनदा बिल्ड तुटतो (कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होत नाही) आणि टप्पे लावले तर काम रखडेल अशी तुमच्या लीडना भीती आहे. मी अकरा वर्षं बॅकएंडवर काम करते, त्यातली बरीच रेपो, म्हणजे कोडची भांडारं, सांभाळण्यात गेली. टप्पे लावाच. पण ते किती असावेत याआधी, तुमच्या टेस्ट नेमक्या कोणत्या कोडवर चालतात ते बघा.

माझ्या जुन्या टीममधली गोष्ट. एका सहकाऱ्यानं रक्कम छापणारं फंक्शन बदललं. आधी ते रक्कम रुपयांत घ्यायचं, आता पैशांत घेऊ लागलं. जिथे जिथे ते वापरलं होतं तिथे त्यानं नीट दुरुस्ती केली. त्याच दिवशी मी माझ्या ब्रँचवर (कोडच्या माझ्या वेगळ्या प्रतीवर) पावतीचं नवं पान लिहीत होते आणि त्यात तेच फंक्शन जुन्या पद्धतीनं वापरलं. दोन्ही पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याच्या विनंत्या) हिरव्या, म्हणजे टेस्ट पास. फाइली वेगवेगळ्या, त्यामुळे गिटला, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) दिसायचं कारणच नव्हतं. दोन्ही मर्ज झाल्या, म्हणजे मेनमध्ये मिसळल्या, आणि १,२५० रुपयांची पावती १२ रुपये ५० पैशांची छापली गेली. माझी टेस्ट हे पकडू शकली असती, पण ती चालली होती माझ्या ब्रँचवर, जिथे जुनंच फंक्शन होतं. दोघांचं काम एकत्र आल्यावर जो कोड तयार झाला, तो लाइव्ह जाईपर्यंत कुणी चालवलाच नव्हता.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच: मर्ज झाल्यावर मेन जशी दिसेल, तशीच ती आधी बाजूला तयार करायची, तिच्यावर टेस्ट चालवायच्या आणि पास झाली तरच मेन पुढे सरकवायची. रस्ट भाषेच्या रेपोत बोर्स नावाचा बॉट हे काम वर्षानुवर्षं करत आला. रेपो ठेवायच्या साइटींपैकी गिटहबवर २०२३ मध्ये यासाठी मर्ज क्यू (मर्जची रांग) अधिकृतपणे आली, गिटलॅबवर तिला मर्ज ट्रेन म्हणतात. पाच जणांना तेही लागणार नाही. मेनला ब्रँच प्रोटेक्शन लावा, थेट पुश बंद करा आणि 'मर्ज करण्याआधी ब्रँच अद्ययावत हवी' ही अट चालू करा. दुसऱ्याचं काम आधी मर्ज झालं तर तुम्हाला मेन ओढून घेऊन टेस्ट पुन्हा चालवाव्या लागतील, एवढीच किंमत. टेस्ट दहा मिनिटांत संपत असतील तर ती जाणवत नाही. पाऊण तास लागत असेल तर मात्र तुमच्या लीडची भीती खरी ठरेल, तेव्हा आधी टेस्टचा वेळ कमी करा.

कमिटआधी (बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी) आपोआप चालणाऱ्या हुकवर, म्हणजे छोट्या तपासणी स्क्रिप्टवर, फार विसंबू नका. ते प्रत्येकाच्या मशीनवर असतात, रेपो क्लोन केल्यावर (त्याची प्रत घेतल्यावर) आपोआप येत नाहीत आणि नो-व्हेरिफाय लिहून कुणीही ते टाळू शकतं. फॉरमॅटिंग, लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका शोधणं) यांसाठी उत्तम. पण पहारा सर्व्हरवरच हवा.

खुद्द गिटचा रेपो बघण्यासारखा आहे. जुनियो हमानो २००५ पासून तो सांभाळतात. प्रत्येक विषयाची वेगळी ब्रँच असते. ती आधी 'सीन'मध्ये येते. ही ब्रँच पुन्हापुन्हा नव्यानं बांधली जाते, तिच्यावर आपलं काम उभारायचं नसतं. रिव्ह्यू होऊन विषय पक्का वाटला की 'नेक्स्ट', तिथे काही दिवस मुरला की 'मास्टर'. या मुरण्याला ते शिजणं म्हणतात, आणि काय काय शिजतंय याची यादी मेलिंग लिस्टवर नियमित येते. लिनक्स कर्नलसाठी असंच काम लिनक्स-नेक्स्ट करतं. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. वेगवेगळ्या उपविभागांचे बदल एकमेकांशी जुळतात का, हे कर्नलचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचण्याआधी तिथे कळतं.

हे वाचून तुमच्याकडे डेव्ह (डेव्हलपमेंट), क्यूए (टीमची चाचणी), यूएटी (वापरणाऱ्यांची चाचणी) अशा कायमच्या ब्रँच मात्र उभ्या करू नका, कळकळीनं सांगते. गिटमध्ये मास्टरला जाते ती प्रत्येक विषयाची ब्रँच, अख्खी नेक्स्ट नव्हे. आपल्याकडे अख्खी क्यूए ब्रँच पुढे ढकलली जाते, मग घाईत कुणी थेट यूएटीवर दुरुस्ती करतं, ती मेनवर परत येतच नाही आणि पुढच्या रिलीजला तोच बग पुन्हा उभा राहतो. स्टेजिंग, म्हणजे लाइव्ह जाण्याआधी तपासायचा सर्व्हर, ही जागा आहे, ब्रँच नाही. मेनवरच्या एका कमिटमधून इमेज (चालवायला तयार पॅकेज) एकदाच बांधा, तीच स्टेजिंगला लावा, तपासा आणि तीच प्रॉडक्शनला (लाइव्ह) न्या. मध्ये पुन्हा बिल्ड केला, तर तपासलं एक आणि गेलं दुसरं, असं होऊ शकतं.

एवढं करूनही मेन लाल झालीच, तर आधी रिव्हर्ट, म्हणजे तो बदल मागे घ्या. दुरुस्ती नंतर ब्रँचवर, शांतपणे. बाकीच्या चौघांना ताटकळत ठेवून मेनवरच ठोकाठोकी करायची नाही.

आणि कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट पहिल्याच दिवशी मुख्य संचातून बाजूला काढा, नाव टाकून कुणाकडे तरी सोपवा. नाहीतर महिन्याभरात प्रत्येक लाल खुणेवर 'पुन्हा चालव, होईल' म्हणायची सवय लागते. माझी पावतीची टेस्ट तेव्हा मेनवर चालली असती, तरी त्या सवयीपुढे तिचा उपयोग झाला नसता.