मेस्सीच्या बातमीत ‘ने’ कुणाला लावायचा?

आपण विचारले आहे की, २०२१ मध्ये बार्सिलोनाने लिओनेल मेस्सीला सोडले तेव्हा माध्यमांनी क्लबची बाजू घेतली की खेळाडूची, आणि दोन्हीकडचे चाहते आजही एकमेकांना कात्रणे दाखवून का भांडतात. मी त्या काळात पुण्यातील एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो आणि आमच्या अंकात ती बातमी मीच लावली होती. त्यामुळे हे उत्तर आरोपींपैकी एकाचा जबाब समजून वाचावे.

तो दिवस ५ ऑगस्ट २०२१ चा. त्याच दिवशी टोकियोत भारतीय पुरुष हॉकी संघाने जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक मिळवले होते आणि कुस्तीत रवी दहियाने रौप्यपदक जिंकले होते. क्रीडा पान सकाळपासूनच या दोघांच्या नावावर लिहून ठेवलेले होते. रात्री अकरा वाजून गेल्यावर, शहर आवृत्ती सुटण्याच्या घाईत, वृत्तसंस्थेवर बार्सिलोनाचे निवेदन आले. पानाच्या तळाशी दोन कॉलमांची जागा कशीबशी मोकळी केली आणि मथळा दिला: ‘बार्सिलोनाने मेस्सीला सोडले’. दुसऱ्या दिवशी माझा भाचा, जो अकरावीपासून त्या क्लबची जर्सी अंगावरून उतरवत नाही, तो अंक घेऊन आमच्या कोथरूडच्या घरी आला आणि चहा पुढे येण्याआधीच म्हणाला, “मामा, हे खोटं आहे.” दुपारी सदाशिव पेठेतून एका वाचकाचा फोन आला. त्यांची तक्रार नेमकी उलटी होती: खेळाडूच पैशासाठी गेला, मग आम्ही क्लबला का बदनाम करतो?

मराठीत हे वाक्य तीन तऱ्हांनी लिहिता येते. ‘मेस्सीने बार्सिलोना सोडले’ म्हटले की तो गेला. ‘बार्सिलोनाने मेस्सीला सोडले’ म्हटले की त्याला घालवले. आणि ‘मेस्सी बार्सिलोनातून बाहेर’ म्हटले की कुणीच काही केले नाही, आपोआप झाले. चाहते ज्याला पक्षपात म्हणतात तो बहुतेक वेळा या ‘ने’ प्रत्ययात असतो, आणि तो कुणाला लावायचा हे रात्री अकराला, ओळीत किती अक्षरे बसतात ते मोजत ठरवले जाते. मला त्या रात्री क्लबविषयी राग नव्हता आणि मेस्सीविषयी माया नव्हती. अक्षरे बसली, एवढेच.

आता वस्तुस्थिती पाहू. मेस्सीचा करार ३० जून २०२१ रोजीच संपला होता. म्हणजे त्याने ब्राझीलच्या माराकाना मैदानावर अर्जेंटिनासाठी कोपा अमेरिका चषक उचलला, तेव्हा कागदोपत्री तो कोणत्याच क्लबचा नव्हता. ज्याच्याशी करार उरलेला नाही त्याला ‘सोडता’ येत नाही; नवा करार होऊ शकला नाही, इतकेच म्हणता येते. क्लबचे निवेदनही तेच सांगत होते: दोघांत सहमती झाली आहे, पण खेळाडूंच्या वेतनखर्चावर मर्यादा घालणाऱ्या स्पॅनिश लीगच्या नियमांमुळे करार नोंदवता येत नाही. अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी ६ ऑगस्टला सांगितलेले आकडे तर क्लबच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगणारे होते. मेस्सीला धरून खेळाडूंच्या वेतनाचा बोजा क्लबच्या उत्पन्नाच्या ११० टक्के होत होता आणि त्याला वगळूनही तो ९५ टक्के उरत होता. लीगने एका गुंतवणूक कंपनीशी केलेल्या करारात सामील झाल्यास वाट निघाली असती. पण त्यासाठी प्रक्षेपण हक्कांतील वाटा पन्नास वर्षांसाठी गहाण पडेल, असे म्हणून लापोर्ता यांनी नकार दिला. ८ ऑगस्टला मेस्सी रडत रडत सांगून गेला की आपण वेतनात पन्नास टक्के कपात मान्य केली होती. १० ऑगस्टला तो पॅरिसच्या क्लबचा झाला.

यात ‘ने’ कुणाला लावायचा? माझ्या मते आधीच्या काही वर्षांतील व्यवस्थापनाला, ज्याने उत्पन्नाचा विचार न करता करार केले. पण मथळ्यात ‘आधीचे व्यवस्थापन’ बसत नाही आणि वाचकाला ते नावही परिचयाचे नसते. हा दोष आम्हा मथळे देणाऱ्यांचाच आहे, तो मी नाकारत नाही. मात्र या दोषाला कट म्हणणे मला पटत नाही.

स्पेनमधील वृत्तपत्रांची गोष्ट निराळी आहे. तिथे ‘मार्का’ आणि ‘आस’ ही माद्रिदची, तर ‘मुंडो देपोर्तिव्हो’ आणि ‘स्पोर्ट’ ही बार्सिलोनाची, हे तिथला वाचक धरूनच चालतो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस माद्रिदच्या ‘एल मुंडो’ या दैनिकाने मेस्सीच्या २०१७ च्या कराराचा गोपनीय तपशील फोडला आणि चार हंगामांचे ५५ कोटी युरोंहून अधिक असा आकडा छापला. ती करांपूर्वीची, सर्व बोनस मिळाल्यास होणारी कमाल रक्कम होती. आपल्याकडे आकडा आला आणि ‘कमाल’ हा शब्द वाटेत गळला. सदाशिव पेठेतले ते गृहस्थ मला फोनवर हाच आकडा ऐकवत होते. तो त्यांनी बहुधा आमच्याच पानावर वाचला असावा.

भाच्याच्या बाजूनेही स्मरण सोयीचे असते. २५ ऑगस्ट २०२० रोजी मेस्सीने स्वतःच क्लबला कळवले होते की आपल्याला जायचे आहे. तेव्हा ‘मेस्सीला बार्सिलोना सोडायचे आहे’ हा मथळा अक्षरशः खरा होता. एका वर्षात ‘ने’ची जागा बदलली. भांडणारे एक जण २०२० चे कात्रण काढतो, दुसरा २०२१ चे, आणि दोघांनाही वाटते की समोरच्याचे माध्यम विकले गेले आहे.

क्रिस्तियानो रोनाल्डो क्लबबाहेर पडला त्या वेळी, २२ नोव्हेंबर २०२२ ला, मँचेस्टर युनायटेडने ‘परस्पर संमतीने’ हे शब्द वापरून प्रत्ययाचा प्रश्नच मिटवला. जाहीर मुलाखतीत प्रशिक्षक एरिक टेन हाग यांच्याविषयी आपल्याला आदर नाही असे म्हणणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत त्या संमतीत किती परस्परता होती, हे ज्याने त्याने ठरवावे.

जाता जाता एक खंत. बालेवाडीत २०१४ पासून खेळणारा आपला फुटबॉल क्लब एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. इथे गोल करणारा मार्सेलिन्योही त्याच हैदराबादकडून खेळू लागला. त्या बातमीवर मला एकही फोन आला नव्हता. भाच्याचाही नाही.

त्याला मी त्या दिवशी विचारले होते की तू काय मथळा दिला असतास. त्याने अंकाच्या कोऱ्या कडेला पेनने लिहिले: ‘मेस्सीचा नवा करार फसला’. मी अक्षरे मोजली. दोन कॉलमांत आरामात बसत होती.